राखमायची काळी कढई

एका राज्यात अशी रीत होती, की राजघराण्यात लग्न निघालं म्हणजे आधी मुहूर्त पाहायचा नाही, आधी कढई मागायला जायचं.

कढई होती राखमायची. राखमाय म्हणजे धुरकट डोंगरावर एकटीच राहणारी चेटकीण. तिचं वय कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. तिची कढई लोखंडाची, आतून बाहेरून काळीकुळीत. घरच्या चुलीवर ठेवली तर दोन हातांत मावेल एवढी, मांडवातल्या चुलाणावर ठेवली तर चार गडी आत उतरतील एवढी. तिच्यात तळलेलं काही चिकटत नसे, करपत नसे. राजाच्या आज्याचं लग्न तिच्यात तळलं गेलं, बापाचं तळलं गेलं, आणि राजा उदयरायाचं लग्न ठरलं तेव्हाही पालखी डोंगरावर गेली आणि कढई घेऊन आली.

नवी राणी हेमलेखा पूर्वेकडच्या राज्यातली. तिच्या माहेरी सारी भांडी सोन्याची. सोन्याला गंज नाही, कल्हई नाही, कोरडं ठेवायची काळजी नाही. पुसलं की झालं. त्यामुळे भांड्यांचं शास्त्र तिला एवढंच ठाऊक, की भांडं म्हणजे त्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे. तशी ती मनानं चांगली होती. आळशी तर मुळीच नव्हती, आणि सगळं रामायण घडलं ते त्यामुळेच.

लग्न झालं. उदयराय पाहुण्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेला. सासूबाई असत्या तर त्यांनी सुनेला चार गोष्टी सांगितल्या असत्या, पण त्या लग्नाआधीच देवाघरी गेल्या होत्या. हेमलेखा मुदपाकखान्यात आली आणि कढई पाहून तिनं नाक मुरडलं.

"ही अशी परत करायची? नवी राणी घाणेरडी म्हणतील मला!"

झालं. राख आली, वाळू आली, विटांचा भुगा आला, चिंचेचा कोळ आला. दासी घासून घासून थकल्या तेव्हा राणीनं स्वतः पदर खोचला. पिढ्यान् पिढ्यांच्या तेलानं चढलेला तो काळा थर तिनं पार खरवडून काढला. खालून लोखंड निघालं, पांढरं लख्ख. राणीनं वाकून पाहिलं, तर कुंकवाची चिरीसुद्धा स्पष्ट दिसली.

तेवढ्यात म्हातारा आचारी नारोभट ताटलीत चार अनारसे घेऊन आला, कढईपाशी उभा राहिला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. राणीला वाटलं, आपण दमलो म्हणून आणले. तिनं एक खाल्ला, छान झाल्याचं सांगितलं आणि उरलेले दासींना वाटले. नव्या राणीला टोकायची नारोभटाला हिंमत झाली नाही. तो रिकामी ताटली घेऊन परत गेला, आणि कढई रेशमी वस्त्रात गुंडाळून, तशीच रिकामी, पालखीतून डोंगरावर गेली.

दुसऱ्या दिवशी एक साळुंकी राणीच्या खिडकीत येऊन बसली. तिनं आधी पंख साफ केले, मग बोलली.

"राखमायचा निरोप आहे. 'माझ्या भांड्यावर पिढ्यांनी जे बसवलं, ते तू घासून काढलंस. आता तुझ्या घरातही तसंच घासलं जाईल.'"

"पण मी तर कढई लख्ख करून पाठवली!" राणी म्हणाली.

"मी निरोप्या आहे, राणीबाई. न्याय करायला नाही आले," असं म्हणून साळुंकीनं अनारशाचे कण टिपले आणि ती उडून गेली.

त्या दिवसापासून राज्यातल्या भांड्यांनी माणसांशी वाकडं धरलं. पितळेच्या पातेल्यांची कल्हई उडाली, आमटी कळकून हिरवी पडू लागली. तव्यांवर भाकरी अशी चिकटे की उलथनं वाकायचं. मडकी झिरपू लागली, लोखंडावर रात्रीतून गंज चढू लागला. लोक निखाऱ्यावर रताळी भाजून खाऊ लागले. नारोभटानं काही दिवस कळ काढली आणि मग हात टेकले. भांड्यांवाचून आचारी काय करणार? तो आपल्या गावी निघून गेला.

पण याहून वाईट गोष्ट राजवाड्यात घडत होती, आणि ती आधी कुणाच्या लक्षात आली नाही. राजा उदयराय रोज सकाळी उठे तो आदल्या दिवसापेक्षा उजळ होऊन. आधी कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग तलवारीनं पडलेले हाताचे घट्टे गेले. हनुवटीवर एक जुना व्रण होता, लहानपणी चिंचेच्या झाडावरून पडल्याचा, तोही गेला. दरबारी खूश झाले. महाराजांना लग्न मानवलं, असं एकमेकांना सांगू लागले.

मग एके दिवशी भर दरबारात महाराजांनी सेनापतीला विचारलं, "आपण कोण?"

सेनापती रागानं राजीनामा देऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी महाराजांना तळ्याची वाट आठवेना, तिसऱ्या दिवशी घोड्यावर कुठल्या बाजूनं बसायचं ते आठवेना. आणि एका सकाळी हेमलेखा दूध घेऊन आली, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, "बाई, आपल्याला मी कुठे पाहिलंय का?"

राणीनं पेला खाली ठेवला. तिनं त्यांच्या गालावरून हात फिरवला. गाल कसा गुळगुळीत, घासून काढल्यासारखा. आपण काय करून बसलो, ते तिला त्या घडीला कळलं.

खिडकीतून साळुंकी म्हणाली, "अजून स्वतःचं नाव शाबूत आहे. ते गेलं, की मग राखमायलाही काही करता यायचं नाही."

राणीनं पालखी मागवली नाही. ती पायीच डोंगर चढली.

राखमायची गुहा चांगली ऐसपैस होती. फळ्यांवर भांडी मांडलेली: सोन्याची, रुप्याची, तांब्यापितळेची, दगडाची, मातीची. ते राखमायचं भांडार. त्यावर डोळा ठेवून आजवर पुष्कळ लोक आले होते, आणि ते सगळे भिंतीवर टांगलेले होते. कारण त्या भांडारातल्या सोन्याला हात लावला की माणसाची पळी व्हायची. पळ्या मधूनमधून उसासे टाकत. एका पळीच्या दांड्यात भिकबाळी होती.

अंगणात राखमाय चुलीतली राख चाळत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"आलीस?"

"आले, माय. माझं चुकलं. माझे यजमान मला परत दे."

"कढई कशी होती आणि कशी धाडलीस!" राखमाय म्हणाली. "तीन कामं सांगते. झाली तर बघू. चुकलीस तर भिंतीवर खिळे पुष्कळ आहेत."

"सांग."

"आज मला आमसुलाचं सार करायचंय. भांडं काढून दे."

राणी फळीपुढे उभी राहिली. सवयीनं तिचा हात आधी सोन्याच्या पातेल्याकडे गेला. सोन्यात सार बिघडत नाही, हे खरं. पण तेवढ्यात भिकबाळीवाली पळी खणकन वाजली आणि राणीनं हात मागे घेतला. शेजारी तांब्याचं पातेलं होतं, बाहेरून झगझगीत. तिनं आत डोकावून पाहिलं. आतही तांबडंच, कल्हईचा पत्ता नाही. त्याच्या पलीकडे पितळेची दोन पातेली होती, दोन्ही पोचे पडलेली, काळवंडलेली. पूर्वीची हेमलेखा त्यांच्याकडे ढुंकून बघती ना. आता तिनं दोन्ही उजेडात नेली आणि आतून बोट फिरवलं. एकाच्या बुडाशी कल्हई उडून पिवळा डाग पडला होता. दुसरं काठापासून बुडापर्यंत पांढुरकं होतं. तिनं ते राखमायपुढे ठेवलं.

"कुठे शिकलीस?"

"कळकलेली आमटी खाऊन, माय."

राखमाय हुं म्हणाली. "आता दुसरं. माझी काथवट, माझी घागर आणि माझा पाटा, तिन्ही नीट करून ठेव. तिघांना एकसारखा हात लावू नकोस."

घागर तांब्याची, तिला चिंच-मीठ लावून राणीनं उजळवली. ते तिला येतच होतं. काथवट लाकडाची, पीठ मळायची. ती पाण्यात बुडवून ठेवायचा मोह तिनं आवरला. ओल्या फडक्यानं पुसली, सावलीत वाळवली आणि तेलाचं बोट फिरवलं. मग पाटा घेतला. पाटा दगडाचा, वाटून वाटून काचेसारखा गुळगुळीत झालेला. तिनं तो धुतला, निथळत ठेवला आणि मनाशी म्हणाली, हा तर आधीच छान आहे.

साळुंकीनं चोचीतून हरभऱ्याच्या डाळीचा एक दाणा आणून पाट्यावर टाकला. राणीनं वरवंटा फिरवला. दाणा निसटला. पुन्हा फिरवला, पुन्हा निसटला. घसरायचा, पण वाटला जायचा नाही.

राणी त्या दाण्याकडे बघत बसली. मग तिनं राखमायकडे छिन्नी-हातोडी मागितली आणि पाट्याला टाकी लावायला घेतली. ठोक्यामागून ठोके, खळग्याशेजारी खळगा. दगडाची कच तिच्या डोळ्यांत गेली आणि डोळ्यांतून पाणी आलं. कचेपुरतं ते थांबायला हवं होतं, पण थांबेना. कारण तिला उदयरायाची हनुवटी आठवत होती, व्रण गेलेली. तो व्रण तिला पहिल्या दिवशी आवडला नव्हता. आता तोच परत हवा होता.

पाटा खडबडीत झाला. डाळ एका फेऱ्यात वाटली गेली.

"आता तिसरं," राखमाय म्हणाली, आणि आतून कढई आणली. लख्ख लोखंडावर एव्हाना तांबूस गंज चढला होता. "ही घेऊन जा. भांडं जसं परत द्यायचं असतं, तसं परत दे. तुझा नवरा नाव विसरायच्या आत."

राणी कढई डोक्यावर घेऊन उतरली. वाटेत तिच्या मनात आलं, काळीच करायची ना, मग त्याला उशीर कशाला? राजवाड्यात येताच तिनं गंज घासला, दिव्यांचं सगळं काजळ गोळा करून तेलात खललं आणि कढईला आतून बाहेरून फासलं. कढई काळीभोर दिसू लागली. साळुंकी आत उतरली, पाय घासले आणि तिचे पिवळे पाय काळे झाले.

"शाबास, राणीबाई," साळुंकी म्हणाली. "कढईपेक्षा मीच जास्त रंगले."

राणी ओशाळली. तिनं काजळ पुसून काढलं, काळा थर कसा बसतो ते दासींना विचारून घेतलं आणि मुदपाकखान्यात चूल पेटवली. कढई चांगली तापवली, अर्धा कांदा तेलात बुडवून आतून सगळीकडे फिरवला, धूर निघेपर्यंत थांबली, निवू दिली, पुन्हा तापवली, पुन्हा कांदा फिरवला. हा थर बसवायला दुसरी वाट नव्हती. आणि नुसतं तेल चढवून भागत नाही. कढई रांधायची असते, तिच्यात काही शिजावं लागतं. झिरपत्या मडक्यांची ओल लागून राज्यातली पिठं सगळी आंबून गेली होती, धान्याला बुरशी आली होती. एक भाजणी तेवढी टिकली होती, कारण ती भाजून दळलेली. म्हणून राणीनं थालीपीठ लावलं.

पहिलं थालीपीठ लोखंडाला असं धरून बसलं, की खरवडून काढावं लागलं. वर जळकं, आत कच्चं, सगळे तुकडे. राणीनं कढई न घासता नुसती पुसली, कोमट असतानाच तेलाचा हात दिला आणि पालथी घातली. दुसऱ्या सकाळी पुन्हा बसली.

खमंग वासाला, म्हणजे खरं तर करपट वासाला, उदयराय मुदपाकखान्यात येऊ लागला. तो समोर पाटावर बसे आणि मोडके तुकडे आवडीनं खाई.

"बाई, तुम्ही इथे रोज असता?"

"असते, महाराज."

"मी महाराज आहे?"

"आहात. उदयराय म्हणतात तुम्हाला."

"हो. ते आहे माझ्या लक्षात," तो म्हणे, आणि राणी पाठ फिरवून चुलीत लाकूड सारी.

हळूहळू कढईला रंग चढू लागला. आधी गवती पिवळा, मग गुळासारखा, मग पिकल्या जांभळासारखा. थालीपिठाचे दोन तुकडे होऊ लागले, मग कडाच तेवढ्या मोडू लागल्या. राणीच्या बोटांना चटके बसले, पुढचे केस झळीनं भुरकट झाले, नाजूक हातांना घट्टे पडले. तिकडे डबाही तळाला लागत होता. भाजणी संपत आली होती आणि पुन्हा दळायला धान्य नव्हतं.

अशाच एका सकाळी राजा पाटावर येऊन बसला. त्याच्या चेहऱ्यावर आता एकही रेघ उरली नव्हती. पाहताना भीती वाटावी, इतका तो नितळ झाला होता.

"महाराज, आपलं नाव?" राणीनं रोजच्यासारखं विचारलं.

"उदय..." तो म्हणाला आणि थांबला. "पुढे काहीतरी होतं."

राणीनं डबा उपडा केला. मूठभर भाजणी पडली. तिनं कांदा चिरून घातला, मीठ-तिखट घातलं, कसाबसा एक गोळा मळला. निवलेल्या कढईत तो बोटांनी थापला, मध्ये भोकं पाडली, तेल सोडलं, वर झाकण ठेवलं आणि चुलीपुढे हात जोडून बसली. तेल चुरचुरू लागलं. वास आला, आणि या वेळी तो खरोखर खमंग होता. तिनं झाकण काढून कडेनं उलथनं घातलं. थालीपीठ सुटून आलं. अख्खं, तांबूस, कुरकुरीत. कढईच्या पोटाशी एक कणही राहिला नाही, आणि पोट काळं कुळकुळीत दिसत होतं. राणीचा जीव भांड्यात पडला.

तिनं थालीपीठ केळीच्या पानावर काढून राजापुढे ठेवलं. कढई पुसली, डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "खा, महाराज. मी ही परत देऊन येते. मग सगळं ठीक होईल."

राजानं हात पुढे केला होता. तो तसाच थांबला.

"कढई कुणाची?"

"डोंगरावरच्या राखमायची."

"मग तिला अशीच नेता?"

"म्हणजे कशी?"

"रिकामी," राजा म्हणाला. तो उठला, पानासकट थालीपीठ उचललं आणि तिच्या डोक्यावरची कढई उतरवून त्यात ठेवलं. पानाची कड वरून दुमडून झाकली. त्याला भूक लागली होती. आवंढा गिळलेला राणीला दिसला. "दुसऱ्याचं भांडं रिकामं नाही द्यायचं. काहीतरी घालून द्यायचं. आमच्याकडे आई..." तो अडखळला. आई कोण, ते त्याला आठवेना. पण कढईवरचा हात त्यानं काढला नाही.

राणी जागच्या जागी उभी राहिली. तिला एकदम ताटलीतले चार अनारसे दिसले, आणि कढईपाशी घुटमळणारा नारोभट. मग मात्र ती धावत सुटली.

राखमायनं कढई हातात घेतली. काळा रंग तिनं पाहिलाच नाही. तिनं आधी पान उघडलं, थालीपिठाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली.

"काळी तर ती पुन्हा झालीच असती," ती शेवटी म्हणाली. "लोखंड आहे, चुलीवर गेलं की काळं होतंच. तुझी सासू दर सणाला कढई मागायची आणि काहीतरी घालून पाठवायची. एका साली दुष्काळ होता, तर चिमूटभर साखर होती आत. मी इथे एकटी राहते, पोरी. माझ्याकडे तेवढंच कुणाच्या तरी घरचं येतं. लग्नाची कढई आली म्हणून मी हौसेनं रेशीम सोडलं, आत डोकावले, तर आत माझंच तोंड."

हेमलेखेनं वाकून नमस्कार केला. तिला खरोखर वाईट वाटत होतं, आणि ते आता नवऱ्यासाठी नव्हतं.

राखमायनं थालीपिठाचे बरोब्बर दोन भाग केले. एक आपल्यापाशी ठेवला, दुसरा पानात बांधून राणीच्या हातात दिला. "जा. मीही पान रिकामं नाही पाठवत."

राणी पोचली तेव्हा राजा अजून पाटावरच बसला होता. त्यानं पान सोडलं आणि पहिला घास घेतला. कपाळावर आठी उमटली. दुसऱ्या घासाला तळहातावर घट्टे आले. तिसऱ्या घासाला हनुवटीवर व्रण उगवला, होता तसा, चिंचेच्या झाडाचा. मुदपाकखान्यातली पातेली आपोआप पांढुरकी झाली, मडकी झिरपायची थांबली. डोंगरावर राखमायचा राग निवला, तशा भिंतीवरच्या पळ्या खळाखळा खाली पडल्या, माणसं झाल्या आणि मुकाट्यानं घरी गेल्या. सेनापतीला निरोप गेला. दरबाऱ्यांना महाराजांच्या आठ्या पाहून जरा वाईट वाटलं, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

उदयरायानं बोटं चाटली, राणीकडे पाहिलं, आणि तिचे भुरकटलेले केस आणि भाजलेली बोटं न्याहाळली.

"हेमलेखा," तो म्हणाला.

तिला हुंदका आवरेना.

"हेमलेखा, कढई परत देताना नारोभटानं तुला अनारसे आणून दिले नव्हते का?"

"दिले होते," राणी डोळे पुसत म्हणाली. "मी खाल्ले."

राजा इतका हसला, की त्याला ठसका लागला. मग दोघांनी मिळून नारोभटाला आणायला पालखी धाडली. पालखी रिकामी धाडायची नाही म्हणून राणीनं आत गुळाची ढेप ठेवली.

अशी ती कढई ज्याची त्याला पोचली, राजा राणीला पोचला, आणि ही गोष्ट तुम्हाला पोचली. कुणाचं भांडं परत द्याल तेव्हा तिची आठवण ठेवा.